उपासना सगळ्यांनी मिळून आखायची म्हणजे बैठकीत नेमकं काय करायचं?

शब्बाथशाळेची_बाई

जय ख्रिस्त मंडळी.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सी.एन.आय.चं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) चर्च आहे. मी झेडपीच्या शाळेत शिकवते आणि रविवारी शब्बाथ शाळा घेते. मे महिन्यात बदलीने नवीन पाळकसाहेब आले. माणूस मनमोकळा. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या पहिल्याच बैठकीत म्हणाले, "उपासना मी एकट्याने ठरवायची आणि तुम्ही बाकांवर बसून बघायची, हे मला पटत नाही. आपण एक गट करू." सगळ्यांनी माना डोलावल्या, नावं घेतली गेली, त्यात माझंही पडलं.

गटात कोण कोण, तर पेटीवर अण्णा (वय विचारू नका, माझ्या आईच्या लग्नात पेटी त्यांचीच होती), तबल्यावर त्यांचा पुतण्या, महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई, कीबोर्ड वाजवणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा, लॅपटॉप सांभाळणारी त्याची चुलत बहीण, मी आणि स्वतः पाळकसाहेब.

मंगळवारी संध्याकाळी व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या लहान खोलीत, बसतो. प्रार्थना होते, चहा येतो, आणि पाळकसाहेब म्हणतात, "हं, मग या रविवारी गाणी कोणती घ्यायची?" तिथून पुढे तासभर गाणीच. अध्यक्षाबाई 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मांडीवर उघडून बसतात, त्याबाहेरचं एक अक्षर त्यांना चालत नाही. मुलगा मोबाइलवर हिंदी गाणं लावतो. अण्णा कानाला हात लावतात. शेवटी दोन यांची, दोन त्यांची, एक मधलंच कुठलं तरी, अशी वाटणी होते आणि आम्ही घरी जातो. संदेश कशावर आहे हे आम्हाला मंडळीबरोबरच रविवारी कळतं.

मागच्या महिन्यात याचा कडेलोट झाला. त्या आठवड्यात मंडळीतला एक तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. पाळकसाहेबांनी ऐन वेळी शास्त्रपाठ बदलला आणि विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायावर बोलले. फार चांगलं बोलले. मुलाची आई दुसऱ्या बाकावर होती. संदेश संपला, आमेन झालं, आणि मंगळवारच्या यादीप्रमाणे पडद्यावर टाळ्यांचं गाणं आलं. कीबोर्डवाल्याने यंत्रातला ठेका सुरू केला. तबलजींनी मांडीवर ठेवलेले हात उचललेच नाहीत. अण्णांनी भाता मिटला. पहिली दोन कडवी ती दोन पोरंच गात होती आणि मंडळी नुसती पडद्याकडे बघत उभी.

दोष कुणाचा, हे मला शोधायचं नाही. पोरांनी यादी पाळली, पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखला. पण मग बैठकीत आम्ही ठरवतो ते काय? गाण्यांपलीकडे गटाने काय काय हातात घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही? मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? आणि यंदा आगमनकाळाचा (नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा) पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. तोच सी.एन.आय.चा स्थापना दिवस. कमिटीला दोन्ही दणक्यात हवंय. ज्यांच्या मंडळीत असा गट खरोखर चालतोय त्यांनी सांगा. "प्रार्थना करा, मार्ग निघेल" असं कृपया लिहू नका, ती चालूच आहे.

---

जुनं_ते_सोनं

ताई, राग मानू नका, पण हे गट-बिट शहरातलं फॅड आहे. आमच्या लहानपणी पाळकसाहेब शनिवारी दिवेलागणीला पोराच्या हाती चिठ्ठी पाठवायचे. चिठ्ठीवर गाण्यांचे पाच नंबर. पेटीवाले नंबर बघायचे, फळ्यावर नंबर लागायचे, रविवारी सगळं चर्च दणाणून सोडायचं. बैठक नाही, चहा नाही, प्रोजेक्टर तर नाहीच. पाळक शिकून आलेला असतो, त्याचं काम त्याला करू द्या.

---

काळी_एक

वरच्या बंधूंना सलाम. त्या चिठ्ठीत एक गोष्ट होती जी ताईंच्या बैठकीत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला उद्याचा शास्त्रपाठ माहीत होता. पाच नंबर त्या पाठातून निघालेले असायचे. नंबर आठवतात सगळ्यांना, पाठ कुणाला आठवत नाही.

ताई, मी सोलापूरकडचा. एसटीतून निवृत्त झालो, पेटीवर मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून बसतोय. आमचा गट पाळक बदलले तरी टिकला, म्हणून जरा लांबड लावतो.

बैठकीत गाण्याचं नाव पहिल्या अर्ध्या तासात काढायचं नाही. आमच्याकडे हा नियमच आहे, जो काढेल त्याने पुढच्या वेळी भजी आणायची. आधी येणाऱ्या रविवारचे पाठ मोठ्याने वाचायचे. सगळे. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. मग प्रत्येकाने एवढंच सांगायचं की कुठला शब्द कानात राहिला. उपदेश झाडायचा नाही. आमच्या एका निवृत्त मास्तरांना हे जमायला फार वेळ लागला.

पाठ कुठून आणायचे? धर्मप्रांताने वर्षाचे पाठ छापून दिले असतील तर तेच घ्या. नसतील तर तीन वर्षांची पाठमालिका आहे, १९९२ मध्ये छापलेली, जगभर बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या ती वापरतात. एक वर्ष मत्तयाचं शुभवर्तमान, एक मार्काचं, एक लूकचं, योहानाचं अधूनमधून. यंदाच्या आगमनकाळापासून मार्काचं वर्ष सुरू होतंय. पहिल्या रविवारी यशया ६४ आणि मार्क १३, दुसऱ्या रविवारी यशया ४० आणि मार्काचा पहिला अध्याय, तिसऱ्याला यशया ६१ आणि योहानातला बाप्तिस्मा करणारा योहान, चौथ्याला देवदूत आणि मरिया, लूक १. म्हणजे चारही रविवारांचे पाठ तुम्हाला आत्ताच ठाऊक आहेत. पाळकसाहेबांनी शनिवारी काय ठरवलं याची वाट बघत बसायची गरजच नाही.

याने काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. २०२३ च्या डिसेंबरात हाच यशया ४० आमच्या बैठकीत वाचला. खोरी वर येवोत, डोंगर खाली येवोत, वाट सपाट होवो. कानात काय राहिलं विचारलं तर एकाने "सांत्वन" म्हटलं, एकाने "अरण्य" म्हटलं. गटातली एक बाई म्हणाली, "वाट." तिचा भाऊ-भावजय दिवाळी करून ऊसतोडीला गेले होते, पोरं तिच्याकडे. म्हणाली, कारखान्याच्या वाटेवर ट्रॉल्या उलटतात, रात्री फोन वाजला की माझं काळीज हलतं. आगमनकाळ आणि गळीत हंगाम दरवर्षी एकत्रच येतात. इतकी वर्षं आम्ही मेणबत्त्या लावत होतो आणि मंडळीतली कोण कोण माणसं त्या चार रविवारी गावात नसतात हे कुणी मोजलं नव्हतं. त्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना तिने लिहिली आणि तिनेच केली. तोडीला गेलेल्या घरांची नावं घेतली. पाळकांनी आपल्या संदेशात त्याला हातही लावला नाही, गरज नव्हती. गाणी? ती पाच मिनिटांत ठरली, कारण काय नको ते सगळ्यांना आपोआप कळलं होतं.

यंदा तर हाच पाठ ६ डिसेंबरला येतोय. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. आपल्या कितीतरी घरांमधून एक तरी माणूस चैत्यभूमीला निघालेला असतो. डोंगर खाली आणि दऱ्या वर, हे त्या दिवशी वाचायचं आणि बाबासाहेबांचं नाव प्रार्थनेत घ्यायचं की नाही, यावर तुमच्या गटात चर्चा होऊ द्या. वादावादी झाली तरी चालेल. गाण्यांवरून भांडण्यापेक्षा हे भांडण चांगलं.

आता गाण्यांकडे येतो, कारण अण्णांची बाजू मला कळते. हिंदी की मराठी, जुनं की नवं, हा वाद कधी मिटत नाही. आम्ही वेगळाच प्रश्न विचारतो. तिसरं कडवं मंडळी पुस्तक न बघता म्हणेल का? म्हणत असेल तर ते गाणं मंडळीचं झालं, कुठल्याही भाषेतलं असो. म्हणत नसेल तर शिकवावं लागेल. महिन्याला एकच नवं गाणं, उपासना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं शिकवायचं, आणि ओळीने तीन रविवार घ्यायचं. मुलांना आधी शिकवलं तर आया घरी ऐकून शिकतात. तुम्ही शब्बाथ शाळेच्या बाई, हे तुमच्या हातात आहे.

दुसरं म्हणजे पट्टी. यावर कुणी बोलत नाही आणि खरी गोम तिथेच असते. पोरं मोबाइलवर ऐकतात तो गायक वरच्या पट्टीत गातो, कीबोर्डवाला तीच पट्टी धरतो, आणि बायका मध्येच गाणं सोडतात. पोरांना वाटतं मंडळीला नवं गाणं नको. मंडळीला ते उंच नको असतं, एवढंच. आमच्याकडे पांढरी एक किंवा काळी एक, त्यावर कुणी गेलं की मी भाताच बंद करतो. कीबोर्डला पट्टी खाली घ्यायचं बटण असतं, पोराला शिकवा. यंत्रातला ठेका मात्र कायमचा बंद करा, शेजारी जिवंत तबलजी बसलेला असताना ते शोभत नाही. उलट बाजूही सांगतो. इंग्रजी चालीवरची जुनी गीतं असतात, त्यात तबल्याचा केरवा ताल घुसडला की गीताचा जीव जातो. तिथे तबल्याने गप्प बसावं आणि कीबोर्डला पुढे येऊ द्यावं. तुमच्या अण्णांना हे पटेल, पुतण्याला पटणार नाही.

आणि अध्यक्षाबाईंना नम्रपणे एक आठवण करून द्या. तुम्ही नगरच्या. कृष्णराव सांगळ्यांनी तिथेच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथेच राहून अभंग आणि भजनं रचली. त्या काळी ती नवीच होती. बरं, ज्या पेटीला आज आपण पवित्र मानतो ती मूळची फ्रान्सची, हाताने भाता मारायची सोय कलकत्त्यात झाली, आणि आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली होती ती पार सत्तरीपर्यंत. मी पेटीवाला असून सांगतोय. जुनं म्हणजे किती जुनं, हे एकदा बसून ठरवा.

शेवटचा शब्द कुणाचा, तर बाबीनुसार वेगळा. प्रभुभोजनाचा विधी, पापांगीकार, विश्वासांगीकार, आशीर्वाद यांना गटाने हात लावायचा नाही, तो पाळकांचा आणि मंडळीच्या शिस्तीचा भाग. पट्टी आणि ताल वाजवणाऱ्यांचा. बाकी सगळ्यात शब्द कागद ज्याच्या हातात त्याचा, म्हणजे त्या महिन्याची आखणी ज्याने लिहून काढली त्याचा. आमच्यात हे काम फिरतं. कागदावर प्रत्येक गोष्टीपुढे नाव आणि मिनिटं. मिनिटं न लिहिल्याने काय होतं ते उत्तम शुक्रवारी कळतं. बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, सुरुवातीला पाच सोडली तर प्रत्येक उद्गाराला २५. त्यात वाचन दोन, बोलणं बारा, गीत सहा, शांतता तीन, उठबस दोन. हे न सांगता माइक दिला की पहिला वक्ता अर्धा तास घेतो, आणि "पूर्ण झाले आहे" वाल्याला घड्याळाकडे बघत चार मिनिटांत उरकावं लागतं. बिचारा महिनाभर तयारी करून आलेला असतो.

तुमच्या अपघाताच्या रविवारचं म्हणाल तर आमच्याकडे पाळकांना मुभा आहे. त्यांनी ऐन वेळी काहीही बदलावं, फक्त पेटीवाल्याला एक फोन करायचा. पेटीवाल्याकडे शोकाची, आजारपणाची, पावसाची दोन-दोन गीतं कायम तयार असतात, मंडळीला पाठ असलेली.

---

शब्बाथशाळेची_बाई

काका, तुमचा निरोप मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. पट्टीच्या मुद्द्यावर त्यांनी दोनदा वाचायला लावलं. पेटी फ्रान्सची, हे मात्र त्यांना अजिबात आवडलेलं नाही.

एक अडचण राहते. पाळकसाहेबांना "पाठ आधी द्या" हे सांगायचं कसं? ते वयाने माझ्याएवढेच आहेत, पण पाळक आहेत. एकदा अध्यक्षाबाईंनी सुचवलं तर ते हसून म्हणाले, "पवित्र आत्मा शनिवारी रात्री बोलतो त्याला मी काय करू?" यावर कोण काय बोलणार!

---

पाळकीणबाई

वाचून हसले. आमच्या घरीही तो शनिवारीच बोलायचा.

बाई, आतली गोष्ट सांगते. पाळकाचा आठवडा तुम्हाला दिसतो तो रविवारी. सोमवारी धर्मप्रांताचे कागद, मंगळवारी तुमची बैठक, बुधवारी कुणी तरी दवाखान्यात, गुरुवारी घरोघरच्या प्रार्थना, मध्येच मयत, मध्येच कुणाच्या सुनेचं भांडण. संदेशाला हात लागतो तो शनिवारी जेवणं झाल्यावर. त्यात तुम्ही "पाठ द्या" म्हणालात की त्याला ऐकू येतं, "संदेश तयार आहे का?" आणि नसतो, म्हणून तो पवित्र आत्म्याच्या आड लपतो.

तेव्हा संदेश मागू नका. त्याच्याकडून फक्त दोन गोष्टी घ्या. कुठला अध्याय, आणि संदेश संपल्यावर माणसांनी काय करावं असं वाटतंय: रडावं, उठून उभं राहावं, कुणाला तरी माफ करावं, गप्प बसावं? एवढं एक वाक्य. ते त्याला मंगळवारीही सांगता येतं. वरचे काका म्हणाले तसे पाठ आधीच ठरलेले असतील तर अर्धं काम झालंच. आमच्या यजमानांना तर गटात वाचन सुरू झाल्यावर शनिवारची रात्र सोपी जाऊ लागली, कारण बैठकीत लोक जे बोलायचे त्यातूनच त्यांना संदेशाचा धागा सापडायचा. ते कबूल करायचे नाहीत, पण त्यांची वही माझ्या हाताखालून जायची.

आणखी एक. उपासनेनंतर लगेच, चर्चच्या दारात, पाळकाला चुका सांगू नका. गाणाऱ्या पोरांनाही नाही. रविवारी दुपारी सगळे सोललेले असतात. मंगळवारच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं त्यासाठी ठेवा, आणि बोलताना "लोकांना आवडलं नाही" म्हणायचं नाही. लोक म्हणजे कोण? "मला तिथे धागा सुटल्यासारखा वाटला" म्हणा. पाळक ऐकतो.

---

वसईचा_वाचक

मी कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडचं चित्र थोडं वेगळं, पण ताईंना उपयोग होईल असं वाटलं म्हणून लिहितो.

मिस्सेचा साचा ठरलेला असतो, वाचनं ठरलेली असतात. ही तीन वर्षांची मालिका आमच्यात १९६९ मध्ये आली, तुमच्याकडची तिच्यावरूनच बेतलेली आहे. त्यामुळे आगमनकाळाच्या चारही रविवारी तुमचं-आमचं शुभवर्तमान जवळजवळ एकच. काय बदलायचं नाही हे आम्हाला आधीच ठाऊक असतं आणि त्यामुळे वाद निम्मे होतात. आगमनकाळात गौरवगीत (मिस्सेतलं देवाच्या गौरवाचं स्तोत्र) रविवारी म्हणायचं नाही म्हणजे नाही. कितीही छान चाल बसवलेली असो, नाताळच्या रात्रीपर्यंत दम धरायचा. आणि खरं सांगतो, चार आठवडे न म्हटल्यामुळेच त्या रात्री घंटा वाजवून ते सुरू झालं की अंगावर काटा येतो. तुमच्या गटानेही एखादी गोष्ट मुद्दाम राखून ठेवून बघावी.

आमच्या धर्मग्रामात दर रविवारी एका वाड्याकडे जबाबदारी असते. वाचक त्यांचे, अर्पण घेऊन येणारे त्यांचे, श्रद्धावंतांच्या प्रार्थना त्यांनीच लिहायच्या. क्रम ठरलेला: आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग संकटात असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या गावासाठी. पण आत काय लिहायचं ते वाड्याचं. एका वाड्याने टँकर आणि पाण्याचं लिहिलं, एका वाड्यातल्या मुलींनी विरारच्या लोकलमधल्या गर्दीचं लिहिलं, फादरांनी एक शब्द खोडला नाही. छापील पुस्तकातून वाचलेली प्रार्थना लोक ऐकतात, ही मात्र लोक करतात.

वाचकांबद्दल: वाचन बुधवारी हातात पडलं पाहिजे आणि शनिवारी माइकवर एकदा तरी झालं पाहिजे. रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमतो, भरलेल्यात घुमत नाही, हेही सांगावं लागतं. यशयाची वाक्यं लांब आहेत, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खूण करून द्या. शाळेच्या बाईंना मी काय सांगू!

---

लॅपटॉपवाली_बहीण

मी वरच्या बाईंच्या गटातलीच, लॅपटॉप माझ्याकडे असतो. बाईंनी लिंक पाठवली म्हणून आले. माझंही एक दुःख आहे ते सांगते. चर्चमधल्या जुन्या फायली श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की पडद्यावर नुसते आकडे आणि कंस येतात. म्हणून मी दर शनिवारी गाणी नव्याने टाइप करते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की रविवारी तीन माणसं येऊन सांगतात. पाच गाणी मंगळवारी पक्की झाली तर मला टाइप करून अण्णांना तपासायला देता येतील. शुक्रवारी रात्री बदललेलं गाणं मी कुठून आणू?

---

काळी_एक

बाळ, श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या सोयी इंटरनेटवर फुकट आहेत, एकदा बसून सगळी फाइल बदलून घे. बदलल्यावर जोडाक्षरं तपास, र आणि रफार तिथे हमखास घोळ घालतात. एका पडद्यावर चारच ओळी घे, आणि कडव्याची शेवटची ओळ संपायच्या आधी पुढचा पडदा आण. ओळ संपल्यावर आणलास तर मंडळी अर्धी मात्रा मागे पडते आणि शिव्या तबलजी खातो. आणि पुस्तकं गोळा करून कपाटात टाकू नका. वीज जाते.

---

शब्बाथशाळेची_बाई

सगळ्यांचे आभार. काल मंगळवार होता. गाण्याचं नाव काढायचं नाही म्हटल्यावर पहिली पाच मिनिटं कुणालाच काय बोलावं सुचेना. मग यशया ६४ वाचला. आकाश फाडून खाली ये, असं तिथे म्हटलंय. कीबोर्डवाला, जो एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही, तो म्हणाला, "हे तर ओरडणं आहे. आपण याच्यावर शांत गाणं का घेतो दरवर्षी?" अध्यक्षाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनीच 'उपासना संगीता'तलं एक गीत काढलं जे आमच्याकडे कित्येक वर्षांत कुणी गायलं नव्हतं. अण्णांना चाल येत होती.

पाळकसाहेबांना पाळकीणबाईंचा प्रश्न विचारला, संदेशानंतर माणसांनी काय करावं? ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "विचार करून गुरुवारी सांगतो." आणि गुरुवारी खरंच फोन आला तर मी इथे पेढे वाटीन.

६ डिसेंबरवरून व्हायची ती वादावादी झाली. निकाल लागलेला नाही. पुढच्या मंगळवारी परत बसणार.

२९ नोव्हेंबरचं मात्र अजून कळत नाही. कमिटीतले एक सदस्य म्हणतात की स्थापना दिवसाचा वेगळा कार्यक्रम, भाषणं, सत्कार, सगळं उपासनेतच घ्या. आणि आगमनकाळाची पहिली मेणबत्तीही त्याच दिवशी.

---

काळी_एक

सत्कार उपासनेनंतर, चहाबरोबर. उपासनेत एक प्रार्थना पुरे. पण ती नीट लिहा. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन आधीच एकत्र आलेले होते, बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स होते. तुमच्या जिल्ह्यात तर अमेरिकन मिशनची आणि एस.पी.जी.ची, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनची, अशी दोन्ही चर्चं होती. एस.पी.जी.कडे गुडघे टेकून छापील प्रार्थना, अमेरिकन मिशनकडे उभं राहून मनाने केलेली. तुमच्या गटातले वाद बघा, निम्मे अजून तिथलेच असतील. अध्यक्षाबाईंचं माहेर कुठल्या चर्चचं, विचारा.

त्या दिवशी एक प्रार्थना छापील वाचा आणि एक मनाने करा. दोन वेगळ्या घरांतल्या माणसांकडून. यशया ६४ ला ते बसतंही, तिथे शेवटी "आम्ही सगळे तुझ्या हातची कृती" असंच काहीसं आहे.

---

शब्बाथशाळेची_बाई

विचारलं. माहेर एस.पी.जी.चं, सासर अमेरिकन मिशनचं. आता मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

शेवटचा प्रश्न, वसईच्या दादांना. जांभळ्या मेणबत्त्या नगरला मिळतात, तिसऱ्या रविवारची गुलाबी कुठेच मिळत नाही. गेल्या वर्षी पांढरीला क्रेप कागद गुंडाळला होता आणि तो पेटला.

---

वसईचा_वाचक

क्रेप कागद नको हो! आमच्याकडे नोव्हेंबरात चर्चच्या बाहेरच्या दुकानांत पूर्ण संच मिळतो. तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि मधली मोठी पांढरी, ती नाताळला लावायची. बहुतेक लोक पांढरी विसरतात आणि २४ तारखेला धावाधाव करतात, म्हणून पाचही एकदमच घ्या. किती उंचीच्या हव्यात ते कळवा, तुमच्या स्टँडची भोकं मोजून. पत्ता वैयक्तिक निरोपात पाठवा, नगरला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याबरोबर देतो, नाहीतर कुरिअर करतो.